आपणच मते जमवून उभारलेल्या न्यायालयात आरोपी : हाशिम थाची यांचा उदय आणि अस्त

५ नोव्हेंबर २०२० रोजी कोसोव्होचे राष्ट्राध्यक्ष हाशिम थाची यांनी पत्रकारांसमोर येऊन राजीनामा दिला. त्याच दिवशी त्यांना अटक झाली आणि विमानाने नेदरलँड्समधल्या द हेग शहरातल्या कोठडीत नेण्यात आले. ज्या न्यायालयाने त्यांना बोलावले, त्याच्या कायद्यासाठी पाच वर्षांपूर्वी त्यांनीच खासदारांची मनधरणी केली होती.

फेब्रुवारी २०२६ मध्ये या खटल्यातले अंतिम युक्तिवाद झाले आणि अभियोग पक्षाने ४५ वर्षांच्या शिक्षेची मागणी केली. आपल्याकडे अशी बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. न्यायालय कोसोव्होचे, मग बसते हेगमध्ये का? स्वातंत्र्ययुद्धाचा नेता युद्धगुन्ह्यांचा आरोपी कसा झाला? आणि गोळी कुणी दुसऱ्यानेच झाडली असेल, तर दोष नेत्याच्या माथी कसा येतो?

या प्रकरणाच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. ‘युद्धाचे नेतृत्व आम्ही केले’ या वाक्याच्या बळावर थाची पंतप्रधान झाले, पुढे राष्ट्राध्यक्षही झाले. न्यायालयात त्यांच्याविरुद्ध उभा राहिला तो याच वाक्याचा अर्थ.

## कोसोव्हो केवढा आणि कुठे?

युरोपच्या आग्नेयेला बाल्कन प्रदेशात हा देश आहे. क्षेत्रफळ सुमारे १०,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा किंचित मोठा. लोकसंख्या मात्र साताऱ्याच्या निम्म्याच्या आसपास, साधारण १६ लाख. बहुसंख्य लोक अल्बेनियन भाषक आहेत, सर्ब अल्पसंख्य. मदर तेरेसा मूळच्या अल्बेनियन वंशाच्या, म्हणून राजधानी प्रिश्टिनाचा मुख्य रस्ता त्यांच्या नावाचा आहे. शंभराच्या आसपास देशांनी कोसोव्होला मान्यता दिली आहे. भारताने दिलेली नाही, आपल्या लेखी तो अजूनही सर्बियाचाच भाग आहे.

## बंदुकीच्या आधीची दहा वर्षे

पूर्वीच्या युगोस्लाव्हियात कोसोव्हो हा सर्बियातला स्वायत्त प्रांत होता. १९७४च्या राज्यघटनेने त्याला बरेच अधिकार दिले होते. १९८९ मध्ये सर्बियाचे नेते स्लोबोदान मिलोशेविच यांनी ते काढून घेतले. हजारो अल्बेनियन शिक्षक, डॉक्टर, कामगार नोकरीवरून काढले गेले. शाळांची दारे बंद झाली, तेव्हा लोकांनी घराच्या खोल्यांत, तळघरांत वर्ग भरवले आणि परदेशात राबणाऱ्या नातेवाइकांच्या पैशांवर ते चालवले.

हे सारे ज्यांच्या नेतृत्वाखाली घडले ते इब्राहिम रुगोव्हा, साहित्याचे अभ्यासक आणि शांततेच्या मार्गाने लढणारे गृहस्थ. हाती शस्त्र घ्यायचे नाही, जग आपल्याकडे कधीतरी पाहील, असा त्यांचा विश्वास होता. १९९५ मध्ये बोस्नियाचे युद्ध संपवणारा डेटन करार झाला आणि त्यात कोसोव्होचा प्रश्न आलाच नाही. तरुण पोरांनी यातून काढलेला अर्थ सरळ होता : बोस्नियात बंदुका वाजल्या म्हणून जग धावले, आपण गप्प राहिलो म्हणून विसरले गेलो. पुढे १९९७ मध्ये शेजारच्या अल्बेनियात बोगस गुंतवणूक योजना बुडाल्या, सरकार कोसळले, लष्कराची शस्त्रागारे लुटली गेली. त्या लुटीतल्या बंदुका डोंगरवाटांनी कोसोव्होत पोहोचल्या.

## द्रेनित्सातला विद्यार्थी

थाची यांचा जन्म १९६८चा, द्रेनित्सा या बंडखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातला. प्रिश्टिनाच्या विद्यापीठात इतिहास शिकलेला हा विद्यार्थी पुढे स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला गेला. तिथल्या परागंदा अल्बेनियन मंडळींत तो कोसोव्हो मुक्तिसेना या सशस्त्र संघटनेच्या कामात ओढला गेला. टोपणनाव मिळाले ‘साप’.

मार्च १९९८ मध्ये द्रेनित्सातल्या प्रेकाझ गावात सर्बियन फौजांनी मुक्तिसेनेचा एक संस्थापक आदेम याशारी याच्या वाड्याला वेढा घातला. तो मारला गेला आणि त्याच्याबरोबर त्याच्या कुटुंबातली व नात्यातली पन्नासहून अधिक माणसे, त्यात बायका आणि मुलेही. तोवर मूठभर लोकांची असलेली मुक्तिसेना या घटनेनंतर गावोगाव फोफावली. आपल्या गावाच्या रक्षणासाठी ज्याने त्याने बंदूक उचलली. ही सेना अशी भराभर, तुकड्यातुकड्यांनी वाढली, हा मुद्दा पुढे खटल्यात कळीचा ठरला.

फेब्रुवारी १९९९ मध्ये पॅरिसजवळच्या रांबुये इथे वाटाघाटी झाल्या. अल्बेनियन शिष्टमंडळात वयाने आणि मानाने मोठे रुगोव्हा होते, पण प्रमुख म्हणून निवड झाली ३० वर्षांच्या थाची यांची. अल्बेनियनांनी मार्चमध्ये करारावर सही केली, सर्बियाने नकार दिला. २४ मार्चपासून नाटोने ७८ दिवस बॉम्बहल्ले केले. त्या काळात सर्बियन फौजांनी आठ लाखांहून अधिक अल्बेनियनांना सीमेपार हाकलले. जूनमध्ये सर्बियन लष्कर माघारी गेले आणि कोसोव्होचा कारभार संयुक्त राष्ट्रांकडे आला.

## गणवेश उतरला, पक्ष उभा राहिला

मुक्तिसेना विसर्जित झाली आणि थाची यांनी पक्ष काढला. युद्ध जिंकणाऱ्याला लोक लगेच डोक्यावर घेतात असे आपल्याला वाटते. कोसोव्होत तसे झाले नाही. २०००च्या स्थानिक निवडणुकीत मतदारांनी थाचींच्या पक्षाला मागे टाकून रुगोव्हांच्या पक्षाला जिंकवले. युद्धानंतर बंदुकीचा रुबाब दाखवणाऱ्यांचा लोकांना वीट आला होता, असा मी त्याचा अर्थ लावतो. रुगोव्हा २००६ मध्ये वारले. २००७ची निवडणूक थाचींनी जिंकली, जानेवारी २००८ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि १७ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांनी संसदेत स्वातंत्र्याची घोषणा वाचली. पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष असताना जो बायडेन यांनी त्यांना ‘कोसोव्होचे जॉर्ज वॉशिंग्टन’ म्हटल्याचे गाजले होते. २०१६ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. हे पद तिथे संसद निवडून देते. विरोधकांनी त्या काळात सभागृहात अश्रुधुराची नळकांडी फोडली, बाहेर निदर्शने झाली, पण निवड झाली.

## आरोप आले कुठून?

डिसेंबर २०१० मध्ये युरोप परिषदेसाठी स्विस सिनेटर डिक मार्टी यांनी एक अहवाल मांडला. युद्धाच्या काळात आणि नंतर मुक्तिसेनेतल्या काही गटांनी सर्ब, रोमा या अल्पसंख्य समाजातल्या आणि विरोधातल्या अल्बेनियन लोकांना गुप्त कोठड्यांत डांबले, छळले, मारले, असे त्यात म्हटले होते. काही कैद्यांचे अवयव काढून विकल्याचाही आरोप त्यात होता. थाची यांचे नाव त्यात होते आणि त्यांनी सारे फेटाळले.

युरोपियन युनियनने चौकशी पथक नेमले. २०१४ मध्ये पथकाच्या प्रमुखांनी सांगितले की छळ आणि हत्यांबद्दल खटला भरण्याइतका पुरावा आहे, अवयवांच्या बाबतीत मात्र तेवढा पुरावा नाही. हे नीट लक्षात ठेवायला हवे, कारण समाजमाध्यमांवर आजही या खटल्याला ‘अवयव-तस्करीचा खटला’ म्हणतात. थाचींवरच्या दहा आरोपांत अवयवांचा आरोप नाही.

त्या दहांपैकी चार युद्धगुन्ह्यांचे आहेत, सहा मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे. युद्धगुन्हा म्हणजे युद्धातही जे करायला बंदी आहे ते करणे. हाती सापडलेल्या निःशस्त्र माणसाचा छळ केला तर तो युद्धगुन्हा, एकाच माणसाचा असला तरी. मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरायला त्याहून जास्त लागते : नागरी लोकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला चालू होता आणि हे कृत्य त्याचाच भाग होते, हे दाखवावे लागते. थाची आणि त्यांचे सहआरोपी काद्री वेसेली, रेजेप सेलिमी, याकुप क्रास्निची या चौघांनीही आरोप नाकारले आहेत.

## हे न्यायालय नक्की कुणाचे?

कागदावर ते कोसोव्होचेच आहे. ३ ऑगस्ट २०१५ रोजी संसदेने घटनादुरुस्ती करून ते स्थापन केले. १२० जणांच्या सभागृहात दोन-तृतीयांश, म्हणजे ८० मते हवी होती. जूनमध्ये पहिला प्रयत्न फसला, ऑगस्टमध्ये ८२ मते पडली. त्या वेळी थाची परराष्ट्रमंत्री होते आणि आपल्या सहकाऱ्यांना मतदानासाठी राजी करणाऱ्यांत ते पुढे होते. अमेरिका आणि युरोपचा दबाव मोठा होता. आपण हे न्यायालय उभारले नाही तर संयुक्त राष्ट्रे उभारतील आणि मग त्यावर रशियाचा हात असेल, ही भीतीही होती.

पण न्यायाधीश आणि अभियोग पक्षाचे वकील परदेशी, खर्च मुख्यतः युरोपियन युनियनचा, आणि बैठक हेगमध्ये. १ जानेवारी १९९८ ते ३१ डिसेंबर २००० एवढ्याच काळातले गुन्हे त्याच्या कक्षेत येतात.

परदेशात का, हे समजायला आपले एखादे लहान गाव डोळ्यांसमोर आणावे. सकाळी पोलीस पाटलाच्या घरी कोण जाऊन आले, हे संध्याकाळी पारावर सगळ्यांना ठाऊक असते. आता समजा तक्रार गावच्या सरपंचाविरुद्ध आहे, सरपंचाच्या बाजूने सारी भावकी आहे आणि साक्षीदाराची पोरे त्याच गावच्या शाळेत जातात. असा साक्षीदार तालुक्याच्या कोर्टात तोंड उघडेल का? सातारा जिल्ह्याएवढ्या देशात, जिथे एकेका आडनावाच्या माणसांची संपूर्ण वस्ती असते, तिथे ही भीती कितीतरी मोठी होते.

ती काल्पनिकही नाही. मुक्तिसेनेचे दुसरे एक कमांडर रामुश हारादिनाय यांना युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये निर्दोष सोडले. अपिलात साक्षीदारांवर दहशत असल्याचे मान्य करून काही आरोपांची पुन्हा सुनावणी करायला लावली गेली. २०१२ मध्ये ते पुन्हा निर्दोष ठरले. नव्या न्यायालयाने तर २०२२ मध्ये माजी सैनिकांच्या संघटनेच्या दोन पुढाऱ्यांना साडेचार वर्षांची शिक्षा दिली, कारण फुटलेल्या गोपनीय कागदांतून संरक्षित साक्षीदारांची माहिती त्यांनी जाहीर केली होती. २०२४च्या अखेरीस स्वतः थाचींवरही न्यायकामात अडथळा आणल्याचा वेगळा आरोप ठेवला गेला, तोही त्यांना मान्य नाही.

## गोळी दुसऱ्याने झाडली, मग नेता दोषी कसा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. अभियोग पक्षाने दोन वाटा धरल्या आहेत.

पहिली ‘संयुक्त गुन्हेगारी उद्दिष्टा’ची. भारतीय वाचकाला हे परके नाही. आपल्या जुन्या दंडविधानाचे कलम ३४ आठवा, नव्या न्यायसंहितेत ते कलम ३(५) आहे : समान इरादा. घरफोडीत एकजण कुलूप तोडतो, दुसरा कोपऱ्यावर पहारा देतो, तिसरा जीप चालू ठेवून बसतो. घरात तिसऱ्याचे पाऊलही पडलेले नसते, तरी घरफोडी तिघांची. अभियोग पक्षाचे म्हणणे असे की विरोधकांना दहशतीने, कोठडीने, छळाने आणि हत्येने बाजूला सारून कोसोव्होवर ताबा मिळवायचा, हे उद्दिष्ट नेत्यांनी मिळून ठरवले होते.

दुसरी वाट वरिष्ठाच्या जबाबदारीची. शाळेतला एक शिक्षक मुलांना अमानुष मारतो. मुख्याध्यापकाने कधी हात उगारलेला नाही. पण पालकांच्या तक्रारी त्याच्या टेबलावर पडून होत्या, शिक्षकाला थांबवायचा अधिकार त्याच्याकडे होता, आणि त्याने थांबवलेही नाही, नंतर कारवाईही केली नाही. तो मोकळा सुटणार नाही. कायद्यात हे तिन्ही लागते : हाताखालच्यांवर खरे नियंत्रण, गुन्ह्याची माहिती किंवा ती असायलाच हवी अशी परिस्थिती, आणि रोखण्यात किंवा शिक्षा करण्यात कसूर.

सारा खटला ‘खरे नियंत्रण’ या दोन शब्दांवर येऊन थांबतो. अभियोग पक्ष म्हणतो, मुक्तिसेनेचे मुख्यालय होते, हुद्दे होते, आदेश होते. पुरावा म्हणून संघटनेची पत्रके आणि नेत्यांनी त्या काळात जगाला दिलेल्या मुलाखती मांडल्या गेल्या. बचाव पक्ष म्हणतो, ही काही पलटणींची शिस्तबद्ध सेना नव्हती. गावागावातल्या तुकड्या, प्रत्येक भागाचा कमांडर आपल्या मर्जीचा, आणि थाची हे राजकीय चेहरा होते, आदेश देणारे नव्हते. अमेरिकी परराष्ट्र खात्याचे माजी प्रवक्ते जेम्स रुबिन सप्टेंबर २०२५ मध्ये बचावाचे साक्षीदार म्हणून आले, आणि थाचींच्या हाती सूत्रे नव्हती असाच त्यांच्या साक्षीचा रोख होता.

वीस वर्षे प्रचारसभांत ‘आमची सेना, आमचे नेतृत्व’ म्हणणाऱ्या माणसाच्या बाजूने आता ‘सेना सैल होती, नेतृत्व नावापुरते होते’ असे सांगावे लागते. याला मी लबाडी म्हणणार नाही. कदाचित दुसरे वर्णनच जास्त खरे असेल आणि पहिले निवडणुकीसाठी फुगवलेले असेल. पण दोन्ही एकाच वेळी पूर्ण खरी असू शकत नाहीत, आणि न्यायाधीशांना त्यातले एक निवडायचे असते.

## स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांवर खटला भरायचा का?

कोसोव्होत बहुतेकांचा हाच आक्षेप आहे. प्रिश्टिनात मोठमोठे मोर्चे निघाले, ‘स्वातंत्र्याला नाव आहे’ ही घोषणा भिंतीभिंतींवर दिसते. त्यांची भावना मला समजते. ज्यांच्या घरातले सगळे पुरुष एका सकाळी मारले गेले, त्यांना मुक्तिसेनेला आरोपीच्या पिंजऱ्यात पाहणे सोसत नाही.

मात्र हा खटला मुक्तिसेनेने सर्बियन लष्कराशी लढावे की नाही याबद्दल नाही. लढण्याचे कारण न्याय्य असले तरी कोठडीत सापडलेल्या माणसाशी कसे वागायचे याचे नियम तेच राहतात. शिवाय कोठड्यांत डांबलेले सगळे सर्ब नव्हते. पुष्कळसे अल्बेनियनच होते : ‘फितूर’ म्हणून शिक्का बसलेले, रुगोव्हांच्या पक्षाचे, किंवा कुणाशी जुने वैर असलेले. झ्लाश गावातल्या कोठडीच्या खटल्यात माजी कमांडर सालिह मुस्तफा यांना २०२२ मध्ये दोषी ठरवले गेले. तिथे छळ सोसलेले कैदी कोसोव्होतले अल्बेनियन होते. त्यांच्यासाठी या न्यायालयाखेरीज कुठलेच दार उघडे नव्हते, आणि म्हणून त्याची सारी अडचण मान्य करूनही ते असायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

## आणि सर्बियाचे गुन्हे?

मृतांचे आकडे पाहिले तर हा प्रश्न टाळता येत नाही. बेलग्रेड आणि प्रिश्टिनातल्या मानवाधिकार संस्थांनी नावानिशी केलेल्या नोंदीत १९९८ ते २००० या काळात मारले गेलेले आणि बेपत्ता झालेले १३,५३५ जण आहेत. त्यांपैकी १०,८१२ अल्बेनियन, २,१९७ सर्ब, उरलेल्यांत रोमा आणि इतर.

सर्बियन बाजूवर खटले झाले ते जुन्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात. निकोला शाइनोविच, जनरल नेबोयशा पावकोविच यांसारखे वरिष्ठ तिथे दोषी ठरले. मिलोशेविच मात्र २००६ मध्ये निकालाआधीच कोठडीत मरण पावले. ते न्यायाधिकरण बंद झाले आणि सर्बियात खालच्या पातळीवरचे खटले रखडत राहिले. त्यामुळे आज हेगमध्ये दिसतात ते फक्त मुक्तिसेनेचे लोक, आणि तराजू कलल्यासारखा वाटतो.

दुसरी तक्रार वेळेची. थाचींनी निकालाआधीच पाच वर्षांहून अधिक काळ कोठडीत काढला. अभियोग पक्षाच्या जून २०२०च्या जाहीर निवेदनात सुमारे शंभर हत्यांचा उल्लेख झाला, खटला उभा राहिला एप्रिल २०२३ मध्ये, अभियोग पक्षाचे साक्षीदार एप्रिल २०२५ पर्यंत चालले. आपल्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचे हाल ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आरोप कितीही गंभीर असला तरी दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो, आणि इतकी वर्षे आत ठेवणे हा त्या तत्त्वावरचा फार मोठा ताण आहे.

## निकालाने काय संपते, काय संपत नाही

या न्यायालयात पहिला निकाल हा शेवटचा शब्द नसतो. मुस्तफा यांची २६ वर्षांची शिक्षा अपिलात २२ वर आली आणि २०२४ मध्ये १५ वर. दोन्ही बाजूंना अपील करता येते, आणि शिक्षा झालीच तर कोठडीत काढलेला काळ त्यातून वजा होतो.

बेपत्ता माणसांची यादी मात्र या निकालाच्या बाहेरच आहे. सुमारे १,६०० जणांचा अजून ठावठिकाणा नाही. बहुतेक अल्बेनियन, काही शे सर्ब, काही रोमा. मे २०२३ मध्ये कोसोव्हो आणि सर्बियाने त्यांच्या शोधासाठी एक संयुक्त घोषणापत्र मान्य केले. दोन्ही बाजूंनी आपल्याकडची गोपनीय माहितीसुद्धा द्यायची, असे त्यात लिहिले आहे. कुठल्या शेतात, कुठल्या विहिरीत, कुठल्या डोंगरकडेला खणायचे, हे त्या माहितीतूनच कळणार आहे. ज्या घरांतून ती माणसे नेली गेली, तिथे पंचवीस वर्षांनंतरही पुरण्यासाठी हाडे नाहीत.